ऑइल कूलरची गळती : जोर नको, दोन पाने घ्या

माल पोहोचवण्यासाठी जुनी डिझेल गाडी ठेवणाऱ्या बांधवांनी गाडीखालचा तेलाचा डाग हलका समजू नये. १९७६ मध्ये आलेल्या मर्सिडीज ३०० डी सारख्या गाडीत इंजिनचे गरम तेल नळीवाटे रेडिएटरशेजारच्या कूलरमध्ये जाऊन थंड होऊन परतते. हे तेल दाबाखाली असते. जोड सुटला तर तेल झपाट्याने जाते आणि इंजिन जाम होते.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे. जोड पुसून गळती नटातून आहे की रबरी नळीतून, ते पाहावे. नळी चिरली असल्यास बदलावी. नट फिरवताना एका पान्याने कूलरला बसवलेला षट्कोनी भाग धरावा, दुसऱ्याने नट आवळावा. कूलर ॲल्युमिनियमचा असतो. नुसता जोर लावला तर त्याचे आटे जातात आणि नळीच्या जागी कूलरचा खर्च अंगावर येतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तुकडा तेलाच्या वाटेत अडकू शकतो. वरून एम-सील थापणे ही दुरुस्ती नव्हे. शेवटी तेल भरून, इंजिन चालू करून जोड पुन्हा तपासावा.

मालकाला एवढे ठाऊक असले की मिस्त्रीकडूनही काम नीट करून घेता येते.