बंद दिवा आणि नसलेला खांब



हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन विषयांवर कधीच मतभेद होत नाहीत. एक म्हणजे आजची भाजी, आणि दुसरा म्हणजे गेटबाहेरचा रस्ता! "लाईट नाहीत यार", "फुटपाथ उखडलाय", "बागेला कायम कुलूप"... आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "कॉर्पोरेशन काही करतच नाही!" मग सगळे ताटं ठेवून सबमिशनच्या मागे पळतात.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'सिव्हिक्स' म्हणजे निव्वळ पाठांतर. राष्ट्रपतींची निवड कशी होते ते तोंडपाठ, पण गल्लीतला दिवा कोण लावतं हे पुस्तकात नव्हतं. म्हणून हा लेख. तो पुण्यापुरता आहे, कारण आपण चार वर्षं इथेच राहतो. सांगायचं एवढंच की, वॉर्डात नुसता मोठा आवाज काढून भागत नाही. मागणी योग्य खात्याकडे, तारखेच्या आत आणि मापासकट गेली, तर ती पुढे सरकते. आणि मापं काढणं तर आपलंच काम, नाही का?

कायदा काय म्हणतो?

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिच्यासोबत बारावी अनुसूची आली. त्यात शहराच्या संस्थेकडे सोपवायचे १८ विषय आहेत. रस्ते, पाणीपुरवठा, बागा आणि क्रीडांगणं, रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, नगररचना हे सगळं त्यात येतं. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत, असंही घटना सांगते. आपण त्यांना प्रभाग समित्या म्हणतो.

महाराष्ट्राच्या कायद्यानुसार प्रभाग समितीत त्या भागाचे नगरसेवक आणि तिथला अधिकारी असतो. शिवाय स्वयंसेवी संस्थांमधले जास्तीत जास्त तीन सभासद घेता येतात. पाणी, ड्रेनेज, सफाई यांच्या तक्रारी लवकर सोडवणं आणि आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणं ही समितीची कामं. पुढे २००९ मध्ये कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून कामांची यादी करायची, म्हणजे शहरातली ग्रामसभाच! पण ग्रामसभेसारखी ती काही रुजली नाही. आपल्यापैकी कितीजणांनी हा शब्द आधी ऐकला होता? हात वर करा!

आणखी एक गंमत बघा. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडे गेला. समितीत बसणारे निवडून आलेले लोकच नव्हते, तरी बजेट मात्र दरवर्षी झालंच. म्हणजे माणसं असोत वा नसोत, तारखा थांबत नाहीत.

तक्रार वेगळी, काम वेगळं

आता मुख्य धडा. खांबावरचा दिवा बंद आहे, ही झाली तक्रार. ती देखभालीत येते, आणि त्यासाठी पैसे आधीच ठेवलेले असतात. फोन करा, तक्रार नंबर घ्या, पाठपुरावा करा. पण खांबच नाही, तर ते 'काम' आहे. त्यासाठी बजेटमध्ये तरतूद लागते. नसलेल्या खांबाबद्दल दहा वेळा फोन केला तरी उपयोग नाही, कारण वायरमन येऊन काय दुरुस्त करणार?

तिसराही प्रकार आहे. दिवा चालू, पण समोर झाडाची फांदी. तिथे विद्युत विभाग काही करू शकत नाही. झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि फांदी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणजे अर्ज उद्यान विभागाकडे. फुटपाथवरची उघडी विजेची पेटी बहुधा महावितरणची, महापालिकेची नव्हे. अंधार एकच, पण दरवाजे चार! चुकीच्या दरवाजावर थाप मारली की "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर मिळतं आणि आपण म्हणतो, काही करतच नाहीत.

नागरिकांचं बजेट

कामासाठी पुण्यात एक चांगली सोय आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये बजेट ठरवताना लोकांना सामील करून घ्यायला सुरुवात केली. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास तोच विचार आपल्या पद्धतीने आणला. नागरिक आपल्या भागातलं छोटं काम फॉर्मवर सुचवतात. फुटपाथ, दिवे, बसथांबा, बागेतली बाकं अशी कामं चालतात, आणि एका कामाची मर्यादा ५ लाखांची राहिली आहे. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात जातो, तिथे छाननी होते, आणि पास झालेलं काम पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये जातं. फॉर्म साधारण पावसाळ्यात मागवतात, कारण नवीन आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. डिसेंबरमध्ये जागं झालं, तर पुढचं अख्खं वर्ष गेलं!

एकूण बजेटच्या मानाने ही रक्कम चिमूटभरच. सुचवलेली सगळी कामं होतात असंही नाही. पण अंधारात चालणाऱ्या मुलीला सगळं बजेट नको असतं, तिला पाच खांब हवे असतात.

एक नमुना

समजा, लेडीज हॉस्टेलच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत ३०० मीटर रस्ता आहे. बहुतेकजण फॉर्मवर लिहितील, "रस्त्यावर फार अंधार असतो, कृपया लवकरात लवकर दिवे बसवावेत." भावना पोचल्या, पण यावरून ज्युनिअर इंजिनिअरने एस्टिमेट कसं करायचं?

त्यापेक्षा सर्व्हेची टेप घ्या. दोन खांबांत ३० मीटर अंतर धरलं तर ३०० मीटरला किती खांब? दहा म्हणाल तर पहिल्या वर्षाला परत जा! गाळे १०, खांब ११. आता चालत मोजा. समजा ६ खांब आहेत आणि त्यातले २ बंद. मग २ दिव्यांची आजच तक्रार आणि ५ नवीन खांबांचा बजेट फॉर्म. सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक खांबाची जागा आणि रात्रीचे फोटो. सिव्हिलवाल्यांनी दरसूचीवरून अंदाजे खर्च काढावा, इलेक्ट्रिकलवाल्यांनी लॅबमधल्या लक्समीटरने प्रकाश मोजून घ्यावा. असा फॉर्म बाजूला ठेवणं कुठल्याही साहेबाला जड जातं.

काम मंजूर झालं की संपलं नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर वर्कऑर्डर आणि मेजरमेंट बुकची प्रत मागता येते, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुस्तकात ५ खांब आणि रस्त्यावर ४, हे आपल्याशिवाय कोण मोजणार?

बाग कशी हरवते?

आपल्याकडे 'डीपी' म्हणजे तीन गोष्टी. रस्त्यावरची विजेची पेटी, मोबाईलवरचा फोटो आणि शहराचा विकास आराखडा. तिसरा डीपी सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी बघत नाही.

आराखड्यात एखाद्या जागेवर 'बाग' असं आरक्षण असतं, पण जागा खाजगी मालकाची असते. १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ सांगतं की, १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं. यात मालकाचं काही चुकलं असं नाही. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवणं हाही अन्यायच. पण शेजारच्यांना पत्ताच नसतो आणि कागदावरची बाग गुपचूप संपते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे तेव्हा मंजूर झालेल्या आरक्षणांचं दहावं वर्ष २०२७ मध्ये भरतं. कॉलेजजवळची मोकळी जागा नकाशात काय दाखवलीये, ते एकदा बघाच.

आपण कोण लागतो?

कुणी म्हणेल, आपण तर पाहुणे, चार वर्षांनी जाणार. अमेरिकेत लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये नव्या सनदेत 'नेबरहूड कौन्सिल' आणल्या. त्या बागा, वीज-पाणी, नवी बांधकामं यांवर महापालिकेला फक्त सल्ला देतात. पण त्यांच्या व्याख्येत त्या भागात राहणारा, काम करणारा किंवा मालमत्ता असलेला प्रत्येकजण 'आपला' धरला जातो. घरमालकच हवा असं नाही.

आपली क्षेत्रसभा मतदारयादीवर चालते. पण निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे हॉस्टेलमध्ये राहणारा विद्यार्थी गावाकडे किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. फॉर्म ६ आणि कॉलेजचं बोनाफाईड लागतं. गावचं मत सोडावं का, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. पण सोय आहे, हे माहीत तरी असू द्या.

आणि पाहुणे आपण एकेकटे. हॉस्टेल काही पाहुणं नाही! दरवर्षी नवी बॅच येते आणि त्याच रस्त्याने चालते. तेव्हा जिमखान्यात जसा मेस सेक्रेटरी असतो, तसा एक 'वॉर्ड सेक्रेटरी' नेमायला काय हरकत आहे? काम तीन ओळींचं. कुठला दिवा बंद ते कळवणं, पावसाळ्यात फॉर्म भरणं आणि वही पुढच्या बॅचकडे सोपवणं. स्टाफपैकी एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी लक्ष घातलं तर सोन्याहून पिवळं.

तर मग, टेप कोण आणतंय?