छोट्या कंत्राटदाराचा प्रवासखर्च, धंद्याचा खर्च आणि बदललेले आयकर नियम

गावच्या शाळेची कुंपणभिंत, अंगणवाडीची खोली, ओढ्यावरची मोरी किंवा वस्तीपर्यंतचा सिमेंट रस्ता ही कामे बहुधा तालुक्यातील एखादा छोटा कंत्राटदार करतो. तो कधी पदविकाधारक सुशिक्षित बेरोजगार अभियंता असतो, तर कधी मुकादमीतून वर आलेला अनुभवी गवंडी. त्याला कामाचे ज्ञान असते, माणसे हाताळण्याचे कसब असते. हिशेब ठेवण्याची सवय मात्र बहुधा नसते. पेट्रोलच्या पावत्या खिशातच विरून जातात, रेती व विटांचे पैसे रोखीने दिले जातात, आणि वर्षअखेर 'काही उरले की नाही' हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

त्यातच गेल्या काही वर्षांत आयकराच्या नियमांत मोठे बदल झाले आहेत. १९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून अंमलात होता. त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ संसदेने संमत केला असून त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरविण्यात आला. नव्या कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा गोंधळात टाकणारा भेद काढून 'कर वर्ष' ही एकच संज्ञा स्वीकारण्यात आली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु धंद्याच्या खर्चाविषयीची मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत. ती समजून घेणे कंत्राटदाराला जितके आवश्यक आहे, तितकेच त्याची देयके मंजूर करणाऱ्या ग्रामपंचायतीलाही उपयोगाचे आहे.

नोकरदाराचा भत्ता आणि स्वयंरोजगारीचा खर्च

शासकीय कर्मचारी दौऱ्यावर गेला की त्याला ठराविक दराने प्रवासभत्ता व दैनिक भत्ता मिळतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला असा भत्ता देणारे कोणी नसते. आयकर कायद्यात त्याच्यासाठी दर किलोमीटरला इतके रुपये असा दरही नाही. त्याला प्रत्यक्षात झालेला खर्चच दाखविता येतो आणि तो झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच असते.

खर्च मान्य होण्याच्या कसोट्या थोडक्यात अशा आहेत : तो पूर्णतः आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा, तो वैयक्तिक किंवा घरगुती नसावा, तो भांडवली स्वरूपाचा नसावा, आणि तो कायद्याने निषिद्ध केलेल्या किंवा गुन्हा ठरणाऱ्या गोष्टीसाठी नसावा. शेवटची कसोटी विसरून चालणार नाही. वाहतूक नियम मोडल्याबद्दलचा दंड किंवा कोणाला दिलेले 'चहापाणी' हिशेबात कोणत्याही नावाने लिहिले तरी मान्य होत नाही.

कामाच्या जागेवर जाणे, साहित्य खरेदीसाठी तालुक्याला जाणे, मोजमापासाठी किंवा देयकासाठी पंचायत समितीच्या कार्यालयात जाणे, हा धंद्याचा प्रवास होय. बाहेरगावी काम असल्याने मुक्काम करावा लागला, तर राहण्याचा व जेवणाचा वाजवी खर्चही त्यात येतो. मात्र रोजचे स्वतःचे जेवण, लग्नसमारंभासाठी केलेला प्रवास किंवा मुलांना शाळेत सोडण्यासाठी लागलेले पेट्रोल हा धंद्याचा खर्च नव्हे.

मोटारसायकलचे उदाहरण

एकच वाहन धंद्यासाठी आणि घरासाठी वापरले जाते, तेव्हा खर्चाची वाटणी वापराच्या प्रमाणात करावी लागते. समजा, एका कंत्राटदाराने वर्षाच्या आरंभी ९०,००० रुपयांची मोटारसायकल बँकेमार्फत पैसे देऊन घेतली. वर्षभरात ती १२,००० किलोमीटर चालली. त्याच्या नोंदवहीप्रमाणे त्यांपैकी ९,००० किलोमीटर कामासाठी झाले. म्हणजे धंद्याचा वाटा तीन-चतुर्थांश होय.

पेट्रोल, दुरुस्ती व विमा मिळून ३२,००० रुपये खर्च झाला असेल, तर त्यातील २४,००० रुपये धंद्याचे. मोटारसायकलची किंमत हा भांडवली खर्च असल्याने ती एकदम वजा होत नाही. तिच्यावर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षाचा घसारा १३,५०० रुपये. त्याचे तीन-चतुर्थांश १०,१२५ रुपये. असा वाहनाचा एकूण मान्य खर्च ३४,१२५ रुपये होतो. वाहन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो.

हा सगळा हिशेब ज्या नोंदवहीवर उभा आहे, ती एक साधी शंभरपानी वही असते. तारीख, कोठून कोठे, कोणत्या कामासाठी, निघताना व परतल्यावर मीटरचा आकडा, एवढे पाच रकाने पुरेत. ती वही नसेल, तर '९,००० किलोमीटर' हा केवळ दावा ठरतो.

रोखीच्या व्यवहाराची मर्यादा

छोट्या कंत्राटदाराचे सर्वाधिक नुकसान होते ते रोखीच्या नियमाकडे दुर्लक्ष केल्याने. एका व्यक्तीला एका दिवसात धंद्याच्या खर्चापोटी १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली, तर नियमांतील अपवाद वगळता तो संपूर्ण खर्च नामंजूर होतो. पूर्वी ही मर्यादा २०,००० होती. ती २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून कमी करण्यात आली. मालवाहतूकदाराला द्यावयाच्या भाड्यासाठी ती ३५,००० रुपये आहे. एकाच दिवशी एकाच विटभट्टीवाल्याला सहा-सहा हजारांची दोन व्हाउचरे केली, तरी त्या दिवसाची बेरीज बारा हजारच धरली जाते.

मजुरांना रोजची मजुरी रोखीने देण्यास यामुळे अडचण येत नाही, कारण प्रत्येक मजुराला दिलेली रक्कम वेगळी मोजली जाते. त्यासाठी हजेरीपत्रकावर नाव, दिवस, दर आणि सही किंवा अंगठा हवा. परंतु मजुरीचाच ठेका एखाद्या मुकादमाला दिला असेल आणि त्याला आठवड्याचे ४०,००० रुपये रोख दिले, तर ती एका व्यक्तीला दिलेली रक्कम ठरते. ती बँकेमार्फतच द्यावी.

देयकातील कपाती : कोणती खर्चाची, कोणती नव्हे

ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद देयक अदा करताना अनेक कपाती करते. हाती आलेली निव्वळ रक्कम हीच आपली जमा, असे समजणे ही नेहमीची चूक आहे. जमेला देयकाची पूर्ण रक्कम धरावी लागते. मग प्रत्येक कपात कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे लागते.

मुळातून कापलेला आयकर हा खर्च नव्हे, तो आगाऊ भरलेला कर होय. कंत्राटदार व्यक्ती असेल तर तो १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के दराने कापला जातो. एका देयकाची रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा अधिक किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखापेक्षा अधिक झाली की ही कपात लागू होते. पॅन क्रमांक दिला नसेल, तर २० टक्के कापले जातात. सुरक्षा ठेव व निविदेची अनामत हाही खर्च नव्हे, कारण ती परत मिळावयाची असते. बांधकाम कामगार कल्याण उपकर आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन ही मात्र कंत्राटदाराच्या पदरची खर्ची रक्कम असल्याने ती खर्चात धरता येते. निविदा अर्जाची किंमत हाही खर्चच.

अंदाजित उत्पन्नाचा मार्ग

ज्यांना प्रत्येक खर्चाचा पुरावा देणे कठीण जाते, त्यांच्यासाठी कायद्याने दुसरा मार्ग ठेवला आहे. त्याचा जन्मच बांधकाम कंत्राटदारांसाठी झाला, हे फारसे ठाऊक नसते. १९९४ मध्ये ४० लाखांपर्यंत जमा असलेल्या बांधकाम कंत्राटदाराचे उत्पन्न जमेच्या ८ टक्के धरण्याची तरतूद झाली. पुढे ती इतर धंद्यांनाही लागू झाली. आता एकूण जमेची मर्यादा २ कोटी असून, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ३ कोटी आहे. बँकेमार्फत आलेल्या जमेवर ६ टक्के व इतर जमेवर ८ टक्के हे किमान उत्पन्न मानले जाते. जुन्या कायद्यात ही तरतूद कलम ४४-एडी मध्ये होती. नव्या कायद्यात ती कलम ५८ मध्ये आहे.

या मार्गाने गेल्यास प्रवासखर्च, घसारा, मजुरी असे काहीही वेगळे वजा करता येत नाही. ते सर्व उरलेल्या ९४ किंवा ९२ टक्क्यांत आलेच असे मानले जाते. प्रत्यक्ष उत्पन्न किमान आकड्यापेक्षा अधिक असेल, तर ते अधिक उत्पन्नच दाखवावयाचे असते. म्हणजे हा मार्ग हिशेबतपासणीच्या कटकटीतून सोडवितो, स्वतःचा हिशेब ठेवण्यातून नव्हे.

आकड्यांनी पाहू. वर्षाची जमा १८ लाख, सर्व बँकेतून. साहित्य ९,४०,०००, मजुरी ४,६०,०००, मिक्सरचे भाडे व वाहतूक १,१०,०००, वाहनखर्च ३४,१२५ आणि निविदा अर्ज, दूरध्वनी, छायाप्रती इत्यादी १५,८७५. एकूण खर्च १५,६०,०००, नफा २,४०,०००. अंदाजित किमान उत्पन्न १,०८,००० येते. परंतु नफा २,४०,००० झाल्याचे त्याला माहीत आहे, म्हणून तेवढेच दाखविणे योग्य. आता हिशेब देऊन खर्च वजा करण्याचा मार्ग त्याने घेतला आणि त्यात १२,००० रुपयांची पाच देणी रोखीची निघाली, तर ६०,००० रुपयांचा खर्च नामंजूर होऊन उत्पन्न ३,००,००० धरले जाईल.

वर्ष तोट्याचे गेले तर दोन मार्गांतील फरक खरा जाणवतो. अर्धवट भराव पुरात वाहून गेला आणि त्याच १८ लाखांच्या जमेवर १८,७०,००० खर्च झाला, तर अंदाजित मार्गात तरीही १,०८,००० उत्पन्नच मानले जाते. पुस्तके असतील, तर ७०,००० रुपयांचा तोटा दाखवून, विवरणपत्र मुदतीत भरल्यास, तो पुढील आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. मात्र एकदा अंदाजित मार्ग स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत तो सोडला, तर त्यानंतर पाच वर्षे तो पुन्हा मिळत नाही. आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते.

नव्या करप्रणालीविषयीचा गैरसमज

नवी करप्रणाली आता मूळ प्रणाली मानली जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार तीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि निवासी व्यक्तीला सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्रत्यक्षात कर द्यावा लागत नाही. 'नव्या प्रणालीत कोणतीही वजावट नाही' असे सर्रास बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. विमा, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या वैयक्तिक गुंतवणुकीच्या बहुतेक वजावटी तीत नाहीत. परंतु धंद्याचा खर्च व नेहमीचा घसारा दोन्ही प्रणालींत वजा होतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडली, तर त्याला नवीकडे एकदाच परतता येते आणि त्यानंतर जुनी पुन्हा निवडता येत नाही. म्हणून ही निवड विचारपूर्वक करावी.

'कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?' हा प्रश्नही वारंवार ऐकू येतो. वरील उदाहरणातील कंत्राटदाराच्या १८ लाखांच्या देयकांतून १ टक्क्याने १८,००० रुपये कापले गेले आहेत. त्याच्यावर कर शून्य आहे. ते पैसे त्याचेच आहेत, पण विवरणपत्र भरल्याखेरीज ते परत मिळत नाहीत. शिवाय मिक्सर घेण्यासाठी बँकेकडे कर्ज मागताना तीच विवरणपत्रे त्याची पत ठरवितात.

पंचायतीचे साहाय्य

या कामी ग्रामपंचायतीला फार काही करावे लागत नाही. देयकासोबत प्रत्येक कपातीचा स्वतंत्र तपशील द्यावा. कंत्राटदाराचा पॅन क्रमांक तपासून घ्यावा, कारण एक अंक चुकला तरी कापलेला कर त्याच्या खात्यावर दिसत नाही. कापलेली रक्कम मुदतीत भरून कपातीचा दाखला वेळेवर द्यावा. शिक्षकांनाही वरच्या वर्गांत रोजकीर्द व वाहनाची नोंदवही यांचा एखादा पाठ घेता येईल. उद्याचे कंत्राटदार, सुतार, वीजतंत्री त्याच वर्गात बसलेले असतात.

कंत्राटदाराने स्वतः करावयाची गोष्ट त्याहून सोपी आहे. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवावे, मोठी देणी त्यातूनच द्यावीत, पेट्रोल पंपाच्या कागदावरील शाई उडते म्हणून पावतीची छायाप्रत काढावी, आणि दर शनिवारी मजुरी वाटून झाल्यावर पंधरा मिनिटे वही लिहावी. घाम गाळून मिळविलेल्या पैशाचा हिशेब स्वतःला देता आला, तर तो इतर कोणालाही देणे अवघड जात नाही.