एच.आय.व्ही. : मी टाळलेला पाठ

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली, हा त्यांचा अपराध! कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. निकाल विरुद्ध गेला. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग मी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आलो. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना एच.आय.व्ही.चा पाठ माझ्या वाट्याला आला, तेव्हा ‘हा भाग घरी वाचा’ असे म्हणून मी पान उलटले.

त्या वर्गातील एक विद्यार्थी पुढे कामासाठी परप्रांतात गेला. काही वर्षांनी तो परतला तो क्षयाने खंगून. ताप, जुलाब, घटते वजन त्याने वर्षभर अंगावर काढले होते. चाचणीची त्याला लाज वाटत होती. ती लाज त्याला कोणी शिकवली, हा प्रश्न मला आजही छळतो.

म्हणून तो राहिलेला पाठ येथे देतो. हा विषाणू रक्तातील सी.डी.-४ या संरक्षक पेशींवर हल्ला करतो. त्या घटत गेल्या की क्षयासारखे रोग शरीराचा ताबा घेतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. संसर्ग आणि एड्स यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते, व त्या काळात माणूस वरकरणी धडधाकट दिसतो. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, इतरांनी वापरलेली सुई, तसेच गर्भारपण, प्रसूती वा स्तनपानातून आईकडून बाळाला, हेच त्याचे मार्ग. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने तो पसरत नाही. वसतिगृहात वाढलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

निदान रक्ताच्या तपासणीनेच होते. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात ती विनामूल्य असते. पहिली चाचणी सकारात्मक आली तर आणखी दोन चाचण्यांनी खात्री केली जाते. संसर्गानंतर लगेच केलेली तपासणी मात्र फसवी ठरू शकते. तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.

विषाणू समूळ नष्ट करणारे औषध आजही नाही. परंतु १ एप्रिल २००४ पासून भारतात शासनाकडून मोफत ए.आर.टी. उपचार मिळू लागले. पूर्वी सी.डी.-४ पेशी ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू होते. बहुतेकांना रोज एकच गोळी, पण आयुष्यभर आणि न चुकता. विषाणू तपासणीत न सापडण्याइतका घटला व तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. गर्भवती मातेने वेळेवर औषध घेतले तर बाळही बहुधा सुरक्षित राहते.

नोकरी जाईल ही भीती अनेकांना असते. वैद्यकीयदृष्ट्या काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही.मुळे नोकरी नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला. पुढे २०१७ चा स्वतंत्र कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीविना चाचणी करणे वा निदान उघड करणे त्याने बेकायदेशीर ठरवले. विचारणेसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

माझा तो विद्यार्थी आता उपचारावर आहे, शेती करतो. यंदा तो पाठ मी स्वतः मागून घेऊन शिकवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, डास चावला तर?’ वर्ग हसला. मी सांगितले, डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, आणि चावताना डास दुसऱ्याचे रक्त आपल्यात सोडत नाही. मग आणखी चार हात वर झाले.