विजयेचे शोधन आणि कीटकनाशकांचे अवशेष

भंगा धुताना पाण्याचा हिरवा रंग निघणे थांबले म्हणजे द्रव्य शुद्ध झाले, असे आपण मानतो. रसतरंगिणीत विजया उपविषांत गणली आहे. जलप्रक्षालन करून, वाळवून, गोघृतात मंदाग्नीवर भाजणे हे तिचे प्रचलित शोधन होय. तथापि हे शोधन वनस्पतीच्या स्वाभाविक दोषांसाठी आहे. शेतकऱ्याने वरून फवारलेल्या विषाचा विचार त्यात असणे शक्य नव्हते.

हे विष किती दूर पोहोचते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उदाहरणाने कळते. तेथील सरकारी जंगलांत चोरून गांजा लावणारे लोक रोपे व पाण्याच्या नळ्या कुरतडणाऱ्या उंदरांसाठी ब्रोडिफॅकम हे विष पसरतात. फिशर हा मांजराएवढा मांसभक्षी प्राणी ते उंदीर खातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८ मृत फिशरांपैकी ४६ जणांच्या शरीरात उंदीरनाशक आढळले. दूध पिणारे एक पिलूही त्यातून सुटले नव्हते. अशा लागवडींत कार्बोफ्युरानही सापडले आहे. शेतकऱ्यांना 'फ्युराडान' या नावाने परिचित असलेले हेच द्रव्य.

मनुष्याचे काय? २०१३ च्या एका प्रयोगात गांजावरील कीटकनाशकांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के अंश काचेच्या चिलमीतून धुरात उतरला. आपल्या कल्पांत धूर नसतो, हे खरे. परंतु जातीफलादि चूर्णात भंगा पोटातच जाते. परमेथ्रिन, बायफेन्थ्रिन यांसारखी द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्नेहात मात्र विरघळतात. घृतात भाजल्याने ती निघून जातील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. उलट घृतासह ती औषधातच राहावीत. कार्बोफ्युरान पाण्यात काही अंशी विरघळते, परंतु ते मुळांवाटे शोषले जाऊन पानाच्या आत पोहोचते. वरवरच्या धुण्याने ते कसे जावे?

म्हणून औषधनिर्मात्यांनी परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घ्यावा, प्रत्येक खेपेचा कीटकनाशक-अवशेषांचा तपासणी अहवाल मागावा व त्या खेपेचा नमुना मोहोरबंद ठेवावा. रंग, गंध व चव यांवरून या विषाचा पत्ता लागत नाही. कसलेल्या वनौषधी व्यापाऱ्यालाही नाही.

चिकित्सकांनी गांजा ओढणाऱ्या अथवा अशा शेतात राबणाऱ्या रुग्णाची लक्षणे केवळ मदजन्य समजू नयेत. बाहुल्या आकुंचित, लाळ व घाम फार, श्वासकष्ट अशी अवस्था दिसल्यास कार्बोफ्युरानसारख्या विषाची शंका घेऊन रुग्णालयात त्वरित पाठवावे. तेथे ॲट्रोपिन हा उपाय आहे. उंदीरनाशक पोटात गेल्याचा संशय असून हिरड्यांतून अथवा मूत्रमार्गाने रक्त जात असेल, तर रक्तपित्ताची चिकित्सा करीत बसू नये. ब्रोडिफॅकम यकृतात महिनोन्महिने राहते आणि व्हिटॅमिन के-१ दीर्घकाळ द्यावे लागते. रक्तस्राव एकदा थांबला म्हणून रुग्णास मोकळे सोडल्यास तो पुन्हा सुरू होतो.