संक्रांतवेल आणि तिचा दूरचा पाहुणा

आमच्या शाळेच्या फाटकावर एक जुनी संक्रांतवेल आहे. पौष-माघाच्या दिवसांत तिच्यावर पानांपेक्षां फुलेंच अधिक दिसतात. नारिंगी नळ्यांचे घोसच्या घोस कमानीवरून खालीं लोंबत असतात, आणि सकाळच्या प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं एक इवलासा काळानिळा पक्षी त्यांतील मध चाखण्यास येतो. "हा पाहा हमिंगबर्ड!" असें आम्ही वर्गास मोठ्या कौतुकानें सांगत असूं. एक-दोन वर्षें नव्हे, तर सुमारें दहा वर्षें आम्ही असें सांगत आलों.

एके वर्षीं आठवींतील एका मुलीनें हात वर केला. "सर, पुस्तकांत तर लिहिलें आहे कीं, हमिंगबर्ड हवेंतल्या हवेंत थांबून मध पितो. हा देठाला धरून बसला आहे. मग हा हमिंगबर्ड कसा?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें; आणि उत्तर नाहीं असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. "मधल्या सुटींत विचार, आतां खालीं बस," असें म्हणून आम्ही कवितेकडे वळलों. ती खालीं बसली. मधल्या सुटींत मात्र ती आली नाहीं.

त्या सायंकाळीं आम्ही ग्रंथालयांत जाऊन पुस्तकें काढलीं. त्या दिवशीं आणि त्यानंतर जें वाचलें व पाहिलें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हमिंगबर्ड हा केवळ अमेरिकेचा रहिवासी आहे. उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस टिएरा डेल फ्यूगोपर्यंत त्याच्या सुमारें ३६० जाती आढळतात. आपल्या देशांत एकहि नाहीं. जगांतील सर्वांत लहान पक्षी याच कुळांतील असून तो क्यूबा बेटांत राहतो. त्याची लांबी दोन-सव्वादोन इंच आणि वजन सुमारें २ ग्रॅम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागांत उन्हाळ्यांत जो हमिंगबर्ड घरोघर दिसतो, त्यांतील नराचा गळा माणकासारखा झळकतो. त्याचें वजन सुमारें ३ ग्रॅम, म्हणजे चहाच्या पाऊण चमचा साखरेएवढें. हा चिमुकला जीव थंडीपूर्वीं मध्य अमेरिकेकडे निघतो, आणि यांतील पुष्कळ पक्षी मेक्सिकोचें आखात, म्हणजे सुमारें ८०० किलोमीटरांचा समुद्र, कोठेंहि न टेकतां ओलांडतात.

हा पक्षी एका सेकंदांत सुमारें पन्नास वेळां पंख हलवितो. त्या पंखांचा जो गुणगुण असा आवाज होतो, त्यावरूनच त्यास हमिंगबर्ड हें नांव पडलें. इतर पक्ष्यांना मुख्यतः पंख खालीं मारतांना हवेचा आधार मिळतो. हमिंगबर्डाचा पंख खांद्यापाशीं असा फिरतो कीं, त्यास पंख उलट फिरवितांनाहि आधार मिळतो. म्हणून तो फुलासमोर टांगल्यासारखा स्थिर राहूं शकतो, इतकेंच नव्हे तर मागें मागेंहि उडूं शकतो. त्याची जीभ टोंकाशीं दुभंगलेली असते. बारीक नळींत पाणी आपोआप चढतें तसा मध तिच्यांत चढत असावा, असें पुष्कळ वर्षें मानीत असत. परंतु २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दाखविण्यांत आलें कीं, जिभेचीं टोंकें मधांत उघडतात आणि बाहेर येतांना मधाला आंत कोंडून मिटतात. मोठमोठ्या विद्वानांची समजूतहि पुन्हां नीट पाहिल्यावर बदलली, हें वाचून आम्हांस थोडें समाधान वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेंतील गृहस्थ या पाहुण्यासाठीं अंगणांत मुद्दाम वेली लावतात. त्यांत ट्रंपेट क्रीपर नांवाची वेल फार प्रसिद्ध आहे. तिचीं शेंदरी फुलें लांब तुतारीसारखीं असतात. जॉन जेम्स ऑडुबॉन या चित्रकारानें १८२७ ते १८३८ या काळांत अमेरिकेच्या पक्ष्यांचीं जीं मोठीं चित्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत माणकाच्या गळ्याचे हमिंगबर्ड याच वेलीभोंवतीं काढलेले आहेत. कित्येक लोक एक भाग साखर व चार भाग पाणी यांचें मिश्रण करून लहान पात्रांत टांगून ठेवितात. त्यांत रंग घालीत नाहींत, मध घालीत नाहींत, आणि पात्र वरचेवर धुतात. तथापि जाणते लोक म्हणतात कीं, पात्रापेक्षां वेल बरी. कारण वेलीवर मधाबरोबर बारीक किडेहि मिळतात, आणि नुसत्या साखरेवर कोणाचेंच अंग भरत नाहीं.

आतां फुलाकडे पाहूं. पक्ष्यासाठीं जें फूल घडलेलें असतें, तें बहुधा तांबडें किंवा नारिंगी असतें, कारण तांबडा रंग मधमाशीला नीट दिसत नाहीं, पक्ष्याला दिसतो. त्यास वास जवळजवळ नसतो. त्याची नळी लांब असते व तींत मध पुष्कळ असतो. हमिंगबर्डाच्या फुलास तर बसावयास ओटाहि नसतो. ज्या पाहुण्यास बसावयाचेंच नाहीं, त्याच्यासाठीं पाट कशाला मांडावा? म्हणजे फूल पाहून त्याचा पाहुणा कोण, याचा पुष्कळसा अंदाज करतां येतो.

हें वाचल्यावर आम्ही शाळेच्या फाटकावरील फुलें पुन्हां पाहिलीं. नारिंगी रंग, वास नाहीं, लांब नळी, बसावयास जागा नाहीं! मग कळलें कीं, आमची संक्रांतवेल ही मूळची ब्राझीलकडची आहे आणि तेथें तिच्याकडे हमिंगबर्डच येतात. पावसाळ्यांत अंगणांतील कुडावर चढणारी, पिसासारख्या पानांची व तांबड्या चांदणीसारख्या फुलांची गणेशवेल, तीहि उष्ण अमेरिकेंतलीच. कोलंबस १४९२ मध्यें त्या बाजूस पोहोंचला, आणि त्यानंतर मिरची, बटाटा, पेरू यांच्याप्रमाणें तिकडील कित्येक फुलझाडेंहि आपल्याकडे आलीं. आपल्या लोकांनीं एकीचें फुलणें भाद्रपदाच्या सुमारास पाहिलें, दुसरीचें मकरसंक्रांतीस पाहिलें, आणि आपल्याच सणांवरून त्यांस नांवें दिलीं. वेली आल्या, नांदल्या. पाहुणा मात्र मागें राहिला.

त्याची जागा घेतली ती शिंजीरानें. आमच्या फाटकावरचा काळानिळा पक्षी तो हाच. यास कोणी फुलचुखी असेंहि म्हणतात. विणीच्या दिवसांत जांभळ्या शिंजीराचा नर उन्हांत निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मळकट हिरवट आणि खालीं पिंवळसर असते. त्याची चोंच बांकदार, जीभ नळीसारखी. दिसण्यांत व खाण्यांत तो हमिंगबर्डाचा भाऊ वाटतो, परंतु नातें कांहीं नाहीं. हमिंगबर्डाचे आप्त म्हणजे पाकोळ्या. शिंजीराचें कूळ चिमणीच्या मोठ्या गोतांतलें. दोन निरनिराळ्या गांवच्या सुतारांनीं एकाच कामासाठीं एकसारखींच हत्यारें घडवावीं, तसा हा प्रकार आहे. शिंजीर क्षणभर हवेंत फडफडत राहूं शकतो, पण जेवावयाचें म्हणजे त्यास बैठक लागते. म्हणून तो देठाला धरून, मान वांकडी करून मध पितो. कधीं कधीं लांब नळीच्या तळाशीं भोंक पाडून तो मध चोरूनहि नेतो. मग परागकण वाहून नेण्याचें काम त्याच्याकडून होत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गांत गेलों आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, काल प्रश्न विचारणारी मुलगी बरोबर होती, आणि दहा वर्षें आम्ही चुकीचें नांव शिकवीत होतों. वर्ग स्तब्ध झाला. ती मुलगी उठून एवढेंच म्हणाली, "सर, मग याचें खरें नांव काय?" त्या दिवसाचा तास आम्ही फाटकाखालीं घेतला.

आतां या वेली घरीं कशा लावाव्या तें सांगतों. गणेशवेल सर्वांत सोपी. तिचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून मृगाचा पाऊस झाल्यावर अर्धा इंच खोल पेरावें. दोन रोपांत वीतभर अंतर असावें. ही वेल आधाराभोंवतीं स्वतःच गुंडाळत वर चढते. म्हणून तिला जाड खांबापेक्षां सुतळी किंवा बांबूची कामटी अधिक मानवते. श्रावण-भाद्रपदांत फुलें येऊं लागतात. तीं पहाटे उमलतात, तेव्हां पाहणाऱ्यानेंहि लवकर उठावें. ज्यांच्या घरीं अंगण नाहीं, त्यांनीं जुन्या डब्यास तळाशीं भोंकें पाडून, माती व शेणखत भरून तो खिडकींत ठेवावा. गजांवर वेल आपोआप चढेल. वाळलेलें बीं जपून ठेविलें म्हणजे पुढच्या वर्षीं शेजाऱ्यांसहि देतां येतें.

संक्रांतवेल दांडगी असते. तिला भरपूर ऊन व मजबूत कमान पाहिजे. पावसाळ्यांत तिची पक्की काडी लावून ती जगवितात. कौलांवर तिला चढूं देऊं नये, कारण तिचे तणावे फटींत शिरतात. बहर संपला म्हणजे तिची छाटणी करावी.

तिसरी मधुमालती. ही आशियांतलीच, पण तिचा धडा निराळा आहे. तिचें फूल सायंकाळीं उमलतें तेव्हां पांढरें व सुवासिक असतें; पुढें तें गुलाबी आणि मग तांबडें होतें. अंधारांत तांबडा रंग कोणास दिसणार? पांढरा रंग व सुवास हें रात्रीच्या पाहुण्यास, म्हणजे लांब सोंडेच्या पतंगास, दिलेलें बोलावणें आहे. दिवसा त्याच घोसावर मधमाश्या व शिंजीर येतात.

या वेलींवर विषारी औषध मारूं नये. शिंजीर काय आणि हमिंगबर्ड काय, दोघेहि पिलांना किडे व कोळी भरवितात. आणखी एक गोष्ट गृहिणींस नम्रपणें सांगावीशी वाटते. घरांतील जाळीं अवश्य काढावीं, पण वेलींतील थोडीं राहूं द्यावीं. हमिंगबर्डाची मादी कापसासारखा मऊ भुगा कोळ्याच्या तंतूनें बांधून अर्ध्या अक्रोडाएवढी वाटी करते आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटविते. शिंजीराची मादीहि कोळ्याचाच तंतु वापरते. मात्र तिचें घरटें म्हणजे फांदीला लोंबणारी पिशवी असते. तिला बाजूस दार, दारावर लहानसा छज्जा, आणि बाहेरून सालीचे तुकडे, वाळकीं पानें व केरकचरा लावलेला. पाहणाऱ्यास वाटावें, वाऱ्यानें कांहीं घाण अडकली आहे.

यावरून त्याच वर्षीं मार्च महिन्यांत घडलेली गोष्ट आठवते. शाळेंत मोठे पाहुणे येणार होते, आणि फाटकावरची बहर सरलेली वेल छाटून कमान स्वच्छ करण्याचें काम आमच्याकडे होतें. कात्री लावणार तोंच ती आठवींतील मुलगी धांवत आली व म्हणाली, "सर, तो कचरा काढूं नका. त्याला दार आहे." दोन महिन्यांपूर्वींचे आम्ही असतों, तर "बाजूला हो" असें म्हणालों असतों. आम्ही शिडीवर चढून पाहिलें. दारांतून एक बारीक बांकदार चोंच बाहेर आली होती.

छाटणी राहिली. पाहुणे आले तेव्हां कमान तशीच अस्ताव्यस्त होती, आणि त्यांनीं साहजिकच कारण विचारलें. कारण सांगण्याचें काम आम्ही त्या मुलीवर सोंपविलें. तिनें तें आमच्यापेक्षां चांगलें सांगितलें. सुमारें तीन आठवड्यांनीं दोन पिलें उडून गेलीं, आणि मग आम्ही कात्री घेतली. तेव्हांपासून आमचा नियम असा कीं, छाटणीपूर्वीं वेल चारहि बाजूंनीं निरखावयाची, आणि शंका आली तर महिनाभर थांबावयाचें.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यांत एक तरी वेल लावा, एक लहान वही करा आणि पुढील प्रश्नांचीं उत्तरें स्वतः पाहून लिहा. शिंजीर फुलापाशीं किती वेळ बसतो व किती वेळ फडफडतो? तो नळीच्या तोंडांतून मध पितो कीं तळाशीं भोंक पाडतो? मधुमालतीच्या एका फुलास तांबडें होण्यास किती दिवस लागतात? पहाटे कोण येतो, आणि दिवेलागणीस कोण?

आपल्या प्रभूनें शिष्यांस आकाशांतल्या पांखरांकडे व रानांतल्या फुलांकडे पाहावयास सांगितलें. आम्ही तो उतारा कित्येकदां वाचून दाखविला आहे. परंतु त्यांतील 'पाहणें' या शब्दाचा अर्थ आम्हांस शाळेच्या फाटकाखालीं, एका विद्यार्थिनीकडून कळला. तुमच्या वहींत आमच्या या लेखाविरुद्ध कांहीं आढळलें, तर मधल्या सुटीची वाट पाहूं नका. वर्गांतच हात वर करा.