पाठ : सरकारी नोकरीचा अर्ज

मुलांनो, बाबांची रुवैसमधली नोकरी संपली की इथला व्हिसाही संपतो. तुमच्यापैकी काहीजण पुढे महाराष्ट्रात जाल. तिथे तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी व्हायचे असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडे अर्ज करावा लागतो. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे असतात. २०२५ पासूनच्या पद्धतीत मुख्य परीक्षेत मराठीचा ३०० गुणांचा लेखी पेपर आहे. त्यात २५ टक्के गुण मिळाले नाहीत, तर इतर विषयांतल्या गुणांचा उपयोग नाही. कारण सोपे आहे : गावातल्या माणसाची तक्रार मराठीत येते, साहेबांना ती वाचता आली पाहिजे.

शब्दार्थ
अर्हता – नोकरीसाठी लागणारे शिक्षण
अधिवास – कायमचे राहण्याचे ठिकाण
पात्र – योग्य (नदीचे पात्र, नाटकातले पात्र वेगळे!)

व्याकरण
जाहिरातीत ‘अर्ज करा’ असे नसते, ‘अर्ज करावा’ असे असते. हा विध्यर्थ. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते :
अर्ज करावा. सही करावी. नाव लिहावे. कागदपत्रे जोडावीत.

लक्षात ठेवा : अर्जातले नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहावे. पासपोर्टवरचे नाव वेगळे असेल, तर आजच आईबाबांना सांगा.

स्वाध्याय
‘करावा’, ‘करावी’ की ‘करावे’?
१) शुल्क जमा ____.
२) चूक दुरुस्त ____.
३) अभ्यास रोज ____.