शर्यतीच्या सायकलीचे चाक : वेग आणि किंमत

सायकलीचे चाक हे यंत्ररचनेतील काटकसरीचे उत्तम उदाहरण होय. भारतातील रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावत आलेल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. या तारा ताणून बसविलेल्या असल्यामुळेच पातळ पोलादी रिम स्वाराचे वजन, कॅरिअरवरचे ओझे आणि खड्ड्यांचे हादरे सहन करू शकते. चाक वाकडे झाले, तर कोपऱ्यावरचा कारागीर काही तारा आवळून आणि काही सैल करून थोड्याच वेळात त्याचा ‘आऊट’ काढून देतो. या चाकात एक दोष मात्र आहे, आणि तो वेगाने जाणाऱ्यालाच जाणवतो : ते हवा घुसळते. धावत्या चाकाचा सर्वांत वरचा भाग सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तेथून जाणारी प्रत्येक तार रवीच्या दांड्याप्रमाणे हवेत भोवरे उठवते, आणि ते भोवरे उठविण्याचे श्रम अखेर स्वाराच्या पायांनाच पडतात.

हे श्रम किती, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यावयाचे असल्यास सुमारे २८० वॉट शक्ती लागते. तीपैकी जवळजवळ २४५ वॉट केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. बाकीचे टायर आणि रस्ता यांच्यातील रोधावर. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर ती आठपट लागते. शर्यतीच्या सायकलीची घडण करणारे हवेच्या मागे का लागले, याचे उत्तर या एका नियमात आहे.

तारांचा घोळ टाळण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी झाकून त्याची तबकडी करणे. ही कल्पना नवी नव्हती, परंतु तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९८४ साली. एका तासात अधिकाधिक अंतर कापण्याचा विक्रम १९७२ पासून बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या नावावर होता : ४९.४३१ किलोमीटर. मर्क्सने तो मेक्सिको सिटी येथे, विरळ हवेत, पण तारांच्या चाकांवर केला होता. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने त्याच शहरात तबकडी-चाकांवर बसून प्रथम ५०.८०८ आणि चारच दिवसांनी ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. या पावणेदोन किलोमीटरचे श्रेय सर्वस्वी चाकांना देणे अर्थातच बरोबर नाही. मोझेरची सायकल, त्याचा अंगासरशी बसणारा पोशाख आणि त्याच्या सरावाची पद्धत ही सारीच निराळी होती. परंतु छायाचित्रात डोळ्यांत भरत होती ती चाके, आणि दुकानात विकत घेता येण्यासारखीही तीच होती.

चाकाच्या मोठेपणाला मर्यादा घालणारा प्रसंग पाचच वर्षांनी घडला. १९८९ च्या तूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा साडेचोवीस किलोमीटरचा होता. या टप्प्यात प्रत्येक स्वार एकेकटा सुटतो आणि त्याचा वेळ स्वतंत्र मोजला जातो. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता आणि त्याच्या सायकलीची दोन्ही चाके तबकडीची होती. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडचे केवळ मागचे चाक तसे होते. मात्र लेमाँडने हँडलला पुढे निघणाऱ्या दांड्या जोडल्या होत्या, आणि त्यांवर हात टेकून तो छाती लपवून बसला होता. डोक्यावर निमुळते शिरस्त्राण होते. फिन्यों उघड्या डोक्याने, नेहमीच्या हँडलवर धावला. तो या टप्प्यात लेमाँडपेक्षा ५८ सेकंद मागे पडला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ही शर्यत आठ सेकंदांनी हरला. हवेच्या एकूण रोधापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रोध स्वाराच्या शरीराचा असतो. उरलेल्या भागातील एक हिस्सा काय तो चाकांचा. एका तबकडीपेक्षा दोन कोपरांची जागा मोलाची ठरली, यात नवल नाही.

साधने आणि स्वार यांची फारकत करण्याचा प्रयत्न आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनेही करून पाहिला. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ साली, हात पुढे ताणून बसण्याच्या विलक्षण पद्धतीने, तासाला ५६.३७५ किलोमीटरचा विक्रम केला होता. पुढे संघटनेने मर्क्सच्या काळातील सायकलीसारखीच सायकल वापरण्याची अट घातली. २००० साली बोर्डमन तशा सायकलीवर, तारांच्या चाकांनिशी, मँचेस्टर येथे धावला आणि त्याने ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. मर्क्सपेक्षा केवळ दहा मीटर अधिक! जवळजवळ सात किलोमीटरच्या या तफावतीत वयाचा भाग थोडा आणि बैठकीचा फार मोठा आहे. चाके त्या मानाने दुय्यम. २०१४ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली.

अनेक स्वार एकत्र धावतात अशा रस्त्यावरच्या शर्यतींत तबकडी-चाकांना मुभा नसते, आणि बाजूच्या वाऱ्यात पुढचे तबकडी-चाक धोक्याचेही ठरते. म्हणून मधला मार्ग निघाला. तारा थोड्या आणि चपट्या ठेवावयाच्या, आणि रिमच आतल्या बाजूस चार-सहा सेंटिमीटर खोल करावयाची, म्हणजे हवा तिच्यावरून सुरळीत वाहते. वजन वाढू नये म्हणून ही रिम कार्बन तंतूंची करतात. राळेत भिजविलेले तंतूंचे पातळ तुकडे हातांनी साच्यात थरावर थर बसवून ते उष्णतेने पक्के केले जातात. हे काम वेळखाऊ आहे, त्यामुळे अशी चाके साध्या चाकांपेक्षा महाग पडतात. २०१६ साली अमेरिकेच्या ‘झिप’ या कंपनीने रिमची आतली कड करवतीसारखी दातेरी केलेली चाके विक्रीस आणली. ही कल्पना हंपबॅक देवमाशाच्या परावरील उंचवट्यांवरून घेतलेली होती. जोडीची किंमत सुमारे ४००० डॉलर होती. इतक्या पैशांत चांगली संपूर्ण सायकल येते.

कंपन्यांचे आकडे बहुधा खोटे नसतात. ते कोणत्या परिस्थितीतील आहेत, एवढेच जाहिरातीत ठळकपणे सांगितलेले नसते. वातविवरात, म्हणजे ठरावीक वेगाने हवा सोडलेल्या बोगद्यात, चाकाची परीक्षा घेताना हवेचा वेग ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, ठेवण्याचा प्रघात आहे. त्या वेगाला २० वॉट वाचविणारे चाक ताशी ३० किलोमीटरला पाचच वॉट वाचवते. वारा कोणत्या कोनातून येतो, यावरही निकाल फिरतो. खोल रिम शिडाप्रमाणे वागते आणि बाजूच्या वाऱ्यात तिचा गुण अधिक दिसतो. रिमपेक्षा रुंद टायर चढविला, तर तो गुण बराचसा नाहीसा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुलना कोणत्या चाकाशी केली आहे? जुन्या, उथळ, बत्तीस तारांच्या चाकाशी केली, तर कोणतेही खोल चाक शोभून दिसेल.

समजा, अशा जुन्या चाकाऐवजी खोल रिमचे चाक बसविल्याने ताशी ४० किलोमीटर वेगाला १० वॉट वाचले. चाळीस किलोमीटरच्या अंतरात त्यामुळे सुमारे ४५ सेकंद वाचतील. शर्यतपटूला एवढ्याने क्रमांकात फरक पडू शकेल. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या हौशी स्वाराचे जेमतेम अडीच वॉट वाचतील, परंतु तो रस्त्यावर अधिक काळ असल्यामुळे त्याचे सुमारे ७० सेकंद वाचतील. विक्रेते हा मुद्दा सांगतात आणि तो खरा आहे. त्या ७० सेकंदांची त्याला गरज काय, हा प्रश्न वेगळा.

परंतु हा लाभ जवळजवळ सगळाच उथळ रिमकडून खोल रिमकडे जाताना मिळून जातो. मध्यम किमतीचे खोल चाक आणि त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचे नामांकित चाक यांत दोन वॉटांचा फरक धरला, तर एका तासाच्या शर्यतीत तो नऊ सेकंदांचा होतो. याउलट, जाड व कडक टायर काढून लवचीक टायर घातल्यास त्याच वेगाला पंधरा वॉटांहून अधिक बचत होऊ शकते. वजनाचा तर फारच गवगवा केला जातो. चाकांच्या जोडीत ३०० ग्रॅम कमी झाले, तर तासाभराच्या चढात तेरा-चौदा सेकंद वाचतात. फिरणारे वजन दुप्पट भारी, हे वचन वेग वाढवितानाच लागू पडते; एकसारख्या गतीत नाही.

मग वरच्या किमतीत काय भरलेले असते? संशोधन, हब आणि बेअरिंगचा दर्जा, मोडतोडीची हमी. आणि त्याबरोबर जाहिरात, वितरकांचा नफा व व्यावसायिक संघांना पुरविलेली साधने. कार्बनच्या बहुसंख्य रिमा तैवान व चीनमध्ये तयार होतात, आणि एकाच कारखान्यातील माल निरनिराळ्या नावांनी विकला जाणे नवलाचे नाही. विजेता ज्या चाकांवर जिंकतो, ती सहसा त्याने निवडलेली नसतात. ती त्याच्या संघाला करारानुसार मिळालेली असतात. ज्या होतकरू स्वाराच्या घरी एका जोडीसाठी काही महिन्यांची मिळकत मोडावी लागते, त्याला हे कोणी सांगत नाही. चाकाअभावी शर्यत सुरू होण्यापूर्वीच आपण हरलो, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः नीट बैठक, अंगासरशी पोशाख आणि चांगले टायर यांतून त्याला त्या जोडीहून अधिक लाभ, तिच्या किमतीच्या अल्पांशात, मिळू शकतो.

नामांकित चाकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. कार्बनची रिम फुटली, तर ती तारा आवळून सरळ होत नाही, आणि उतारावर ताशी सत्तर किलोमीटरने जाताना ती फुटणे जिवावर बेतू शकते. हमी देणारा, तक्रार ऐकणारा आणि सदोष माल परत घेणारा उत्पादक असणे याला मोल आहे. ते चार हजार डॉलरच असले पाहिजे, असे मात्र नाही. अशी हमी मध्यम किमतीच्या कित्येक चाकांबरोबरही मिळते.